वरच्या मजल्यावरचा गाळा

चौघांनी महानंदाचे खांदे धरून तिला खुर्चीसकट उचललं आणि स्टेजवर नेऊन ठेवलं. कुणी तिला विचारलं नाही. "थांबा, मी येते की," असं ती म्हणत होती, एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने पदर सावरत होती, आणि समोर बसलेले लोक टाळ्या वाजवत होते. तिच्या कुबड्या खालीच राहिल्या.

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्याजवळ व्यापारी मंडळाने नवं संकुल बांधलं होतं. त्यातला एक गाळा अपंगांसाठी राखीव होता, तो महानंदाला मिळाला होता. मंडळाचे अध्यक्ष मलप्पा शेट यांनी तिच्या हातात किल्ली ठेवली, खांद्यावर शाल टाकली आणि फोटोवाल्याकडे बघत माइकवर म्हणाले, "आमच्या या दिव्यांग भगिनीचं आयुष्य आजपासून उजळून निघणार!"

महानंदाने ते गिळलं. तिला गाळा हवा होता.

पोलिओने तिचे दोन्ही पाय लहानपणीच गेले होते, पण खांदे आणि मनगटं पहिलवानाची होती. वडील वीरण्णा विजेच्या मोटारी भरायचे. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढा वेढा घालून भरायची, हे काम त्यांनी पोरीला शेजारी बसवून शिकवलं. ते गेल्यावर रस्त्यावरचं पत्र्याचं दुकान तिनेच चालवलं. पंखे, कूलर, पिठाच्या गिरण्या, विहिरीवरचे पंप. पार देगलूरकडून मोटारी यायच्या.

मग लॉकडाऊन आलं. दुकान बंद पडलं ते पडलंच. बाजार पुन्हा उघडला तेव्हा जागामालकाने ती जागा दुसऱ्याला देऊन टाकली होती आणि गिऱ्हाइकांनी दुसरी दारं धरली होती. महानंदाचं घर अशा बोळात की तिथे ऑटोसुद्धा वळत नाही. पंपाची जड मोटार घेऊन तिथवर कोण येणार? तिने एकेका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावले. गल्लीतले कूलर दुरुस्त केले. भाऊ मल्लेश स्वतःची ऑटो चालवायचा, तो मोठ्या रस्त्यावरून मोटारी उचलून आणायचा, भरून झाल्या की पोचवायचा. दीड-दोन वर्षं अशी घासल्यावर कामं पुन्हा यायला लागली होती. आता फक्त रस्त्यावर जागा पाहिजे होती.

कार्यक्रम संपला. मल्लेशने तिच्या कुबड्या शोधून आणल्या आणि भिंतीवरची पाटी वाचत म्हणाला, "अक्का, तुझा गाळा वर हाय."

"वर म्हंजे?"

"पहिल्या मजल्यावर."

जिन्याला गुळगुळीत फरशी होती आणि धरायला कठडा नव्हता. लिफ्टच्या जागी खड्डा होता, त्यावर फळ्या, फळ्यांवर सिमेंटची पोती. महानंदाने कुबड्या मल्लेशच्या हातात दिल्या, पहिल्या पायरीवर उलटी बसली आणि दोन्ही हातांवर अंग उचलत एकेक पायरी मागे सरकत वर गेली. जाणारे-येणारे बाजूने वाट काढत होते. वर पोचली तेव्हा तिची नवी साडी मागून धुळीने भरली होती.

तिने शटर उघडायला लावलं. गाळा चांगला होता. उजेड होता, वारा होता. दारात बसून तिने तो नीट पाहिला. जेवायला, लघवीला खाली जायचं म्हटलं तर दर वेळी असंच उतरायचं आणि असंच चढायचं. संडास खाली होते.

तेवढ्यात मलप्पा शेट वर आले. त्यांच्यासोबत त्यांचा पुतण्या संगमेश्वर होता.

"बघितलात का, अक्का? फस्क्लास जागा हाय," शेट म्हणाले. "आता तुम्ही काय रोज जिना चढायच्या न्हाईत. गाळा तुमच्याच नावावर राहू द्या. आमचा संगमेश्वर इथं मोबाईलचं दुकान टाकील. तुम्हाला दर महिन्याला भाडं घरपोच. धूळ न्हाई, दगदग न्हाई."

महानंदाची नजर मागच्या भिंतीवर गेली. फळ्या ठोकायला तिथे आधीच भोकं पाडलेली होती. सारख्या अंतरावर, खुणा करून. संगमेश्वरच्या हातात मापाचा टेप होता.

ती म्हणाली, "राखीव गाळा खाली का न्हाई काढला, अण्णा?"

"खालचे लिलावात गेले."

"राखीव तर लिलावात न्हवता. मग तो वर कसा आला?"

"लिफ्ट येणारच हाय की."

"कवा?"

शेटनी खिशातून फोन काढला आणि कुणाशी तरी बोलत जिना उतरले. संगमेश्वर तिथेच उभा होता. महानंदा त्याला म्हणाली, "टेप खिशात घाल. अजून माझा हाय गाळा."

घरी मल्लेशशी भांडण झालं.

"घे की भाडं," तो म्हणाला. "बसून पैसे येतील."

"बसून? मी लहानपणापासून बसूनच हाय, मल्लेश. बसून काम केलं. बसून खाल्लं न्हाई."

"हाव, पण माझं कोण बघायलंय? तुझ्या मोटारी आणा, तुला सोडा, तुला आणा. सकाळची शाळेची पोरं न्यायचं बंद केलं मी तुझ्यापायी. एकदा तरी इचारलीस का?"

तिने विचारलं नव्हतं. त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच तिला आणखी संताप आला. मल्लेशवर नाही. तिला दुकान मिळू नये अशी सगळी मांडामांड करून तिच्याच भावाला तिच्यावर ओझ्यासारखं बोलायला लावणाऱ्या त्या माणसांवर. ती म्हणाली, "उद्या एकदा सोड. परवापासून माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी तिने जिन्याच्या तोंडाशी सतरंजी अंथरली. कॉईल वळायचं हातयंत्र समोर, तारेचं रीळ बाजूला, आणि मधोमध एक जळकी मोटार उघडून ठेवली. जिना अर्धा अडला. वर जाणारा प्रत्येक माणूस तिला वळसा घालून, पाय उचलून, तारा चुकवत जायला लागला.

वॉचमन आला. "बाई, इथं बसता येत न्हाई."

"वर जाता येत न्हाई. मग कुठं बसू?"

तो डोकं खाजवत निघून गेला. दुपारपर्यंत दोन ओळखीची गिऱ्हाइकं तिथेच मोटारी टाकून गेली. तिसऱ्या दिवशी वरच्या दातांच्या डॉक्टर राजश्री वैतागून खाली आल्या. "अहो, माझी एक पेशंट आत्ता तुमच्या तारेत अडखळली. पडली असती."

"चुकलं माझं," महानंदा म्हणाली आणि तार ओढून घेतली. "तार उचलते. पण मी उठणार न्हाई."

डॉक्टरबाई काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात मलप्पा शेट दोन-तीन मेंबरांना घेऊन आले. आज माइक नव्हता.

"हे काय तमाशा लावलाव, अक्का? आम्ही मान दिला, शाल दिली, आणि तुम्ही मंडळाची अब्रू रस्त्यावर आणायलाव?"

"शाल घेऊन जावा. मी अंगावर घेतली न्हाई, तुम्ही टाकलाव."

"लोकांना त्रास होतोय. विचारा डॉक्टरबाईंना. सांगा ओ तुम्ही."

राजश्रीबाईंनी चष्मा पुसला. "त्रास होतोच," त्या म्हणाल्या. "पण साठीच्या पुढचे पेशंट माझ्याकडे जिन्यापायी येतच नाहीत, शेट. लिफ्ट येणार असं मला तुम्ही जागा देतानाच सांगितलं होतं." आणि त्या वर निघून गेल्या.

शेटचा चेहरा उतरला. महानंदाला थांबायचं नव्हतं. "चौघांनी उचलून स्टेजवर नेलाव मला. कुणाला वाटलं का, हिला इचारावं? फोटोपुरतं उचलायला हात हायत तुमच्याकडं. खाली एक दरवाजा द्यायला न्हाईत. अपंगाच्या नावावर गाळा काढायचा, तो असा काढायचा की अपंग पोचलंच न्हाई पाहिजे, आणि मग घरचा माणूस बसवायचा. भिंतीला भोकं कवा पाडलाव, अण्णा? मला किल्ली द्यायच्या आधी की मागून?"

तिचा आवाज संकुलभर घुमला. दुकानदार दारात आले. कुणी तिच्या बाजूने बोललं नाही, पण कुणी शेटच्या बाजूनेही बोललं नाही. एक मेंबर हळूच म्हणाला, "मागं सिमेंट ठेवायची खोली हाय की, शेट. ती रिकामी करून द्या."

आठवडाभर घासाघीस चालली. महानंदा रोज जिन्याशी बसत राहिली. शेवटी मागची खोली मिळाली. ती रस्त्यावर नव्हती, पार्किंगच्या पलीकडे, मीटरच्या खोलीला चिकटून. उजेड कमी, भिंतीला गिलावा नाही. पण जमिनीच्या पातळीला. मल्लेशने ओळखीचा मिस्त्री आणून उंबऱ्यापाशी सिमेंटचा उतार घालून घेतला आणि दोन दिवस गुपचूप स्वतःच त्यावर पाणी मारलं. बदल्यात शेटना वरच्या गाळ्याची किल्ली परत पाहिजे होती. ती तिने दिली नाही. "ज्या दिवशी लिफ्ट चालू होईल त्या दिवशी वर जाईन," म्हणाली. संगमेश्वरने दुसरीकडे जागा घेतली.

मंडळाला पुन्हा फोटो पाहिजे होता. फोटोवाला आला, तिच्या हातात पाना द्या, थोडं हसा म्हणाला. महानंदा मोटारीतून मान वर न करता म्हणाली, "जिन्याचा काढ."

तिचा राग शांत झाला, असं मल्लेश शेजाऱ्यांना सांगत असे. ते खरं नव्हतं. तिला सकाळी उठल्यापासून त्या चौघांची ओझं उचलल्यासारखी पकड खांद्याच्या हाडांवर जाणवायची. कामाने ती जात नव्हती. पण काम येत होतं. उन्हाळा तोंडावर होता, कूलरच्या मोटारी रांगेने पडल्या होत्या, आणि मल्लेशने शाळेची पोरं पुन्हा धरली होती, कारण आता गिऱ्हाईक स्वतः यायला लागलं होतं.

एके दिवशी देगलूरकडचा एक शेतकरी पंप घेऊन आला तो घामाघूम. "अवो अक्का, अर्धा तास शोधायलोय! म्होरं कुणी सांगतच न्हाई. मोटारवाली बाई म्हटलं तर वर बघा म्हणतात."

महानंदाने हातातली तार खाली ठेवली. कुबड्या घेतल्या, रंगाचा डबा मल्लेशच्या जुन्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला आणि पार्किंग ओलांडून संकुलाच्या दर्शनी भिंतीपाशी गेली. एका कुबडीवर भार टाकून, खांदा भिंतीला टेकवून, तिने हातभर लांबीचा लाल बाण काढला. खाली लिहिलं, 'मोटार भरून मिळेल. मागे.'

सकाळी तो पुसलेला होता. तिने पुन्हा काढला. तोही पुसला गेला. तिसऱ्यांदा तिने चुन्यातला रंग सोडून ऑइल पेंट घेतला, आणि बाण दुप्पट मोठा केला.