डाव्या हाताचा खांब

डेस्मंड पार्जेटरने त्या बाईंचं मनगट अलगद धरलं आणि त्यांचा हात खांबावरून उचलून बाजूला केला.

"उजवा नाही, ताई. डावा. उजवा लावलात तर लाकडाला वाटतं, तुम्ही मुक्कामालाच आलात."

घोळका फिसकन हसला. बाईंनी घाईघाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, डावा तळवा खांबावर टेकवला आणि फाटकाबाहेर पडून मोकळा श्वास सोडला. त्यांच्यामागे दहा जण रांगेत. एकेकाने हात लावला, एकेक जण बाहेर गेला. सगळ्यांच्या शेवटी डेस्मंड, दोन्ही हात खिशात घालून, शीळ वाजवत.

मॉर्डली गावात बसने येणाऱ्या प्रवाशांसाठी ही फेरी तो गेली तीन वर्षं चालवत होता. रोज बोलायच्या इंग्रजी शब्दप्रयोगांचा जन्म कुठे झाला, ते दाखवायची फेरी. गवताच्या छपराच्या घरापाशी उभं राहून तो पावसात कुत्री-मांजरं का पडतात ते सांगायचा. खाटकाच्या जुन्या अंगणात, मेलेल्या माणसाने बादलीला लाथ मारली असं का म्हणतात ते. त्यातलं अर्धं त्याने कुठेतरी ऐकलेलं होतं. पण चर्चच्या आवाराचं हे छोटं छप्पर असलेलं फाटक आणि त्याचा ओकचा जाडजूड खांब, हा मात्र सबंध त्याच्या घरचा माल होता.

'टच वुड' म्हणतात ना, ते इथलं, असं तो सांगायचा. सतराशे बेचाळीस साली गावच्या सुताराने एकाच ओकमधून गावभरच्या शवपेट्या केल्या आणि उरलेल्या लाकडाचा हा खांब बनवला. आता या लाकडाला वाटत राहतं, आपल्याही वाट्याचं कुणीतरी माणूस आहे, अजून यायचंय. म्हणून आवारातून बाहेर पडताना डावा हात लावायचा. हाताची ऊब लागली, की लाकूड समजतं, हा अजून जिवंत आहे, आणि जाऊ देतं. हेस्टर प्रिंग नावाची पाववाल्याची बायको एकदा काम टाकून धावत प्रार्थनेला आली. दोन्ही हात कणकेने भरलेले. परत जाताना हात लावला नाही. सातव्या दिवशी तिला याच फाटकातून आत आणली, शवपेटीत.

प्रिंग हे नाव त्याने स्वयंपाकघरातल्या मोहरीच्या डब्यावरून उचललं होतं. गोष्ट सुचली होती बाथटबमध्ये, पाणी गार व्हायच्या आत.

"झालं का नाटक?"

आवारातल्या बाकावरून मिस लग उठल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळेच्या निवृत्त बाई आणि आता चर्चच्या कारभारीण. डेस्मंडला त्यांनी दोन वर्षं वर्गात सोसला होता.

"मिस लग! तुम्ही हात लावलात की नाही आज?"

"चावटपणा पुरे. खांब मुळाशी सडलाय. दोन वाजता सुतार रेज सॅलिस करवत घेऊन येतोय. नवा खांब बसवणार."

डेस्मंडची शीळ थांबली.

"अहो, नव्या खांबाला कोण हात लावेल? लोक सबंध फेरी याच्यासाठी करतात. हा गेला तर माझ्याकडे राहिलं काय? कुत्री-मांजरं?"

"मुळातली सड काढून खालून जोड देता येते म्हणतो रेज. पण तो खटाटोप मी जुन्या वस्तूसाठी करीन, तुझ्या थापेसाठी नाही. या खांबाला लोक पूर्वीपासून हात लावत होते, असं काहीतरी मला दाखव. नाही दाखवलंस तर खांबही जाईल, आणि बसवाल्यांना मी स्वतः फोन करून सांगेन की या माणसाने तीन वर्षं तुमच्या प्रवाशांना टोपी घातली."

"मिस लग, असं नका करू. माझं पोट आहे त्याच्यावर."

"नववीत असताना तू माझ्या खुर्चीला खळ लावली होतीस," त्या म्हणाल्या. "तेव्हाही असंच तोंड केलं होतंस." आणि जेवायला निघून गेल्या.

डेस्मंड फाटकात पाचच मिनिटं मान खाली घालून उभा राहिला. मग त्याच्या ओठांचा एक कोपरा हळूच वर गेला. घरी जाऊन तो कानस, पटाशी, सँडपेपर आणि चहाचा थर्मास घेऊन आला. खांबावर तपकिरी रंगाचे थरावर थर होते, मिस लगच्या आजोबांच्या काळापासूनचे. छातीच्या उंचीवर तेवढाच रंग खरवडायचा, आतलं लाकूड तळव्याएवढं घासून खोलगट करायचं, वर थोडी माती चोळायची. शेकडो वर्षांच्या हातांनी झिजलेलं लाकूड, अर्ध्या तासात तयार. गाव जेवायला बसलं होतं. फाटकात चिटपाखरू नव्हतं.

त्याने आवाराच्या आतल्या बाजूने पटाशी लावली. रंगाची खपली सुटली. तिच्याखाली लाकूड नव्हतं, खाचा बुजवायची पांढरी, दगडासारखी कडक पुटी होती. कुणीतरी काहीतरी बुजवलं होतं.

"हात्तेच्या," डेस्मंड पुटपुटला आणि टोक घालून ती उकरू लागला. पुटीचा तुकडा एका दमात निघून आला. मागे राहिला खळगा. गुळगुळीत, तेलकट काळा, बोटांकडे उथळ आणि तळव्याकडे खोल. डाव्या हाताचा.

तो मागे सरकला. मग हसला, एकटाच, जरा मोठ्याने. चला, काम वाचलं. कुणीतरी कधीतरी टेकून उभं राहत असेल. त्याने मिस लगना काय सांगायचं ते मनात जुळवायलाही सुरुवात केली. तेवढ्यात त्याला खाली, आपल्या मांडीच्या उंचीवर, रंगाला एक बारीक गोल तडा गेलेला दिसला. वरच्या दणक्यांनी गेला असावा.

तिथे बोट लावायला तो तयार नव्हता. तरी गुडघ्यावर बसला.

कारण बाथटबमध्ये गोष्ट सुचली तेव्हा तिच्यात एक मुलगी होती. हेस्टरची, चार वर्षांची. आईचे हात कणकेने भरलेले, म्हणून ती मुलीला म्हणते, तू लाव गं माझ्याही वाटचा. मुलगी लावते. मुलगी वाचते, आई जाते. आणि मग ती मुलगी रोज येऊन तिथे हात लावून उभी राहते, आईच्या वाटचा, लाकूड झिजेपर्यंत. पण एवढं सांगेपर्यंत बस सुटायची वेळ झाली असती. म्हणून टॉवेलने अंग पुसता पुसता डेस्मंडने मुलीला गोष्टीतून काढून टाकलं होतं. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. दारूच्या टेबलावरसुद्धा नाही.

पुटी आपसूक निसटून गवतात पडली. खालचा खळगा वरच्यापेक्षा लहान होता आणि वरच्यापेक्षा कितीतरी खोल.

"काय उद्योग चाललाय?"

मिस लग फाटकाबाहेर उभ्या होत्या, त्यांच्यामागे करवत खांद्यावर घेतलेला रेज सॅलिस. डेस्मंड धडपडत उठला.

"मी बनवली होती," तो म्हणाला.

"काय?"

"गोष्ट. हेस्टर, सुतार, सगळं. प्रिंग मोहरीचं नाव आहे, मिस लग. आईशप्पथ. मी खोटं बोललो. रेज, काप तू. काप आणि जाळून टाक."

मिस लगनी चष्मा वर सरकवला, वरच्या खळग्यातून बोट फिरवलं, मग वाकून खालचा पाहिला. रेजने करवत खाली ठेवली आणि गवतातला पुटीचा तुकडा उचलून नखाने टोकरला.

"ही पुटी माझ्या पणजोबांच्या वेळची," रेज म्हणाला. "आतलं लाकूड त्याच्याही आधी झिजलंय. पटाशीने असं होत नाही, बाई. असं फक्त हातानेच होतं."

"ऐकलंस?" मिस लग डेस्मंडकडे वळल्या. जन्मात पहिल्यांदाच त्या त्याच्याकडे पाहून हसल्या. "पुरावा मिळाला आणि आता म्हणे मी थाप मारली. मला येडं बनवायची हौस काही जाणार नाही तुझी. खांब राहील. बसवाल्यांना फोन करणार नाही."

"मिस लग, मी खरंच सांगतोय..."

"आयुष्यभर खोटं बोलून बरोबर आज कसं खरं सांगशील?" त्या पुन्हा वाकल्या. "मला फक्त एक कळत नाही. हा खालचा कुणाचा? तुझ्या गोष्टीत मूल तर नाही."

डेस्मंडने हत्यारं पिशवीत भरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात थर्मास. मिस लग आणि रेज जोडाच्या लाकडाचं बोलत पबच्या दिशेने गेले.

अडीच वाजता बस आली. लोक उतरून फाटकासमोर गोळा झाले.

"अहो, बाहेर या ना!" टोपीवाला एक म्हातारा ओरडला. "फेरी आतूनच सुरू करणार का?"

डेस्मंडने एक पाऊल उचललं आणि परत जागेवर ठेवलं. तीन वर्षांत तो इथून किती वेळा बाहेर गेला होता? कधी शीळ वाजवत, कधी लोकांकडे तोंड करून उलट्या पावली. आणि प्रत्येक वेळी हात खिशात. आज दोन्ही हात भरलेले.

त्याने पिशवी आणि थर्मास गवतात ठेवला. वरच्या खळग्यात डावा हात घातला. गार लाकूड. मग तो गुडघ्यावर बसला आणि खालच्यात चार बोटं टेकवली. तिथे जास्त मावत नव्हती.

ते कोमट होतं. कुणीतरी आत्ताच हात काढून जागा करून द्यावी, तसं.

बाहेर हशा पिकला. "वा, काय ॲक्टिंग!" एक बाई म्हणाली आणि फोन काढून फोटो घेऊ लागली. म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या थांबल्या, आणि लोक एकमेकांकडे बघू लागले. डेस्मंड अजून तसाच बसला होता, बोटं खळग्यात, कपाळ खांबाला टेकून.

हात लावायचा, एवढं त्याने बनवलं होतं. काढायचा कधी, ते बनवलंच नव्हतं.