धरायचं काम

सोमलिंगनं लाकडाची छोटी बोट उलटी करून मांडीवर घेतली आणि दोन्ही तळव्यांत धरली. डावा अंगठा टोकदार तोंडाशी, उजवा तळवा मागच्या चपट्या बाजूला. पायलनं मोजपट्टी काढली.

"काका, जरा खाली ठेवता का? लांबी घेते."

"घे की अशीच. हलत न्हाय."

पायलनं पट्टी लावली. बोट खरंच हलली नाही. तिनं आकडा घेतला, मग रुंदी घेतली, आणि हसून अवधूतकडे बघितलं. ती मागच्या गल्लीत राहायची. बिल्डर लोकांना इमारतींचे काचेच्या पेटीत ठेवायचे नमुने करून द्यायची. बोटीसाठी खोकं बनवायला अवधूतनं तिला बोलावलं होतं. सोमलिंगचा हा मुलगा जहाजावरच्या नोकरीतून सुट्टीवर आला होता. पुण्यात एक माणूस अशा अर्धवट राहिलेल्या बोटी पुऱ्या करून देतो, हे त्यानं शोधून काढलं होतं. उद्या सकाळच्या गाडीनं तो बोट घेऊन निघणार होता.

"संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरायच्या आधी पूर्ण होऊन येईल, अप्पा," अवधूत म्हणाला. "आईची आठवण आहे. अशी उघडी पडून नको."

हातभर लांबीची बोट. लाकडाचा कणा, त्याला बरगड्या, आणि बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी बारीक पट्ट्या चढत अर्ध्याच्या वर आलेल्या. पुढच्या बरगड्या तशाच मोकळ्या. त्याची बायको वैजयंती श्रावणात गेली, तेव्हापासून एकही पट्टी लागली नव्हती.

"वाकडी हाय का बघ," तो पायलला म्हणाला.

पायल गुडघ्यावर बसली. एक डोळा मिटून तिनं कण्याच्या रेषेत बघितलं.

"एकदम सरळ आहे, काका. बऱ्याच जणांची इथं पीळ खाते. एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या आधी लावतात ना, म्हणून."

"ती एक हिकडं, एक तिकडं लावायची. ब्लाऊजच्या दोन बाह्या कधी लहानमोठ्या झाल्या न्हाईत तिच्या."

"आणि धरायला?"

"मी."

"पूर्ण? हातानं?"

"मग काय पायानं?"

पायल हसली. सोमलिंगलाही बरं वाटलं. त्यानं बोट जरा वर उचलून तिला दुसरी बाजू दाखवली.

ही बोट अवधूतनं वडिलांसाठी आणली होती, ते एसटीतून निवृत्त झाले तेव्हा. दिवसभर करणार काय, म्हणून. पहिल्याच संध्याकाळी सोमलिंगच्या बोटांत एक बरगडी कट्कन मोडली. बसचं स्टिअरिंग धरलेले हात ते. वैजयंतीनं शिलाई मशीन थांबवलं, उठून आली आणि बोट त्याच्या हातातून काढून घेतली.

"तुमचं काम न्हाय हे," ती म्हणाली. "तुमी नुसती धरा."

तेव्हापासून ती चिकटवायची आणि तो धरायचा. ती पट्टी पाण्यात भिजवायची, हळूहळू वाकवायची, फेव्हिकॉल लावून बरगडीवर बसवायची आणि टाचण्या टोचायची. ती जेवढं दाबेल तेवढंच खालून दाबायचं, जास्त नाही, कमी नाही. हे त्याला शिकायला बरेच दिवस लागले. नंतर मात्र ती पट्टी उचलायच्या आधीच त्याचे हात तयार असायचे. फेव्हिकॉल धरेपर्यंत दोघं समोरासमोर बसून राहायची. बोलायची, नाही तर नुसती बसायची.

"दादा, स्टँड कुठाय?" पायलनं विचारलं.

"कसला स्टँड?"

"किटमध्ये येतो की. दोन फळ्या असतात, बोटीच्या पोटासारखी खाच असलेल्या. तो असला की खोक्यात बोट घट्ट बसेल. प्रवासात काही होणार नाही."

"नव्हता बहुतेक."

"असतोच. बांधताना बोट त्यातच ठेवायची असते. नुसती हातात धरून कोण बांधतं?"

अवधूतनं किटचं खोकं उलटं केलं. उरलेल्या पट्ट्या पडल्या, दोऱ्याचं एक भेंडोळं पडलं. स्टँड नव्हता. पायल खोलीभर बघत होती. तिची नजर शिलाई मशीनच्या खाली गेली. तिथं बुकरमचा रोल आडवा ठेवलेला होता. कॉलरीत घालायचं ते कडक कापड. वैजयंती शाळांचे गणवेश शिवायची, तिला ते सारखं लागायचं.

पायलनं वाकून रोल उचलला आणि त्याच्या खालची वस्तू ओढून काढली. टेबलावर ठेवली. दोन फळ्या, दोन काड्यांनी जोडलेल्या. दोन्हींना गोल खाच. एका फळीच्या कडेला बारीक आकडा जाळून उमटवलेला, बोटीच्या बरगड्यांवर होता तसाच.

"हा बघा. ठेवा काका बोट यात."

सोमलिंगनं बोट ठेवली नाही.

अवधूत आधी मोठ्यानं हसला.

"अप्पा! आईनं तुम्हाला दोन वर्षं फुकट राबवलं की हो!"

मग त्याचं हसू गेलं. तो आईच्या स्टुलावर बसला.

"मी फोन केला की विचारायचो, अप्पा कुठं आहेत? तर म्हणायची, बोट धरून बसलेत. तुमचा खांदा दुखायचा तेव्हापण." तो स्टँडकडे बघत राहिला. "तिच्या लक्षातच आलं नसेल. ते कशाचं आहे, तिला काय कळणार? काहीतरी लाकडाचं आलंय, रोल ठेवायला बरं आहे, असं वाटलं असेल."

"तिला कळत न्हवतं?" सोमलिंग म्हणाला.

"तसं नाही हो, अप्पा—"

"तिला काय कळणार म्हणतोस? ही बोट कुणी बांधली? किटातलं इंग्रजी तिनं चित्रं बघून लावलं. एवढीशी खुंटी कुठली कुठं जाती, मला सांगायची. पयल्याच चित्रात स्टँड हाय. ते दिसलं न्हाय व्हय तिला?"

त्याचा आवाज चढला होता. हातातली बोट मात्र होती तिथंच होती.

"म्हणजे मुद्दाम?"

"एसटीत होतो तवा मी किती रात्री घरी जेवलो, इचार तिला." तो थांबला. मग सावकाश म्हणाला, "करकंबची मुक्कामी गाडी. कुर्डुवाडीची मुक्कामी गाडी. घरी आलो की झोप. अन् रिटायर झालो तर चहा प्यायचा आणि कट्ट्यावर जायचं. नऊ वाजेपर्यंत."

अवधूतला ते आठवत होतं. आई वडिलांचं ताट झाकून ठेवायची.

"तिनं कधी जाऊ नका म्हटलं न्हाय," सोमलिंग म्हणाला. "धरा म्हणाली."

पायलनं मोजपट्टी गुंडाळली. अवधूतनं स्टँड हातात घेऊन उलटासुलटा केला.

"आणि तुम्हाला पत्ताच नाही," तो म्हणाला.

सोमलिंगनं बोट जरा सरळ केली.

"मधी एकदा रोल संपला. ती माहेरला गेलती, अक्कलकोटला. मी नवी पेठेत गेलो आणि नवा आणला."

"तुम्ही बुकरम आणलं? तुम्हाला बुकरम म्हणजे काय माहीत होतं?"

"दुकानात इचारलं."

"पण ती आल्यावर तिनं आणलं असतं की. घाई काय होती?"

"खालचं उघडं दिसायला लागलं होतं ते."

अवधूत वडिलांकडे बघत राहिला. पायलला त्याच्या आधी कळलं. तिनं खाली मान घातली आणि उगीच टेबलावरचा शिलाईच्या खडूचा तुकडा बोटानं सरकवला.

"मग आई आल्यावर काय म्हणाली?"

"जाड आणला म्हणाली. पातळ पायजे होता."

"बस?"

"तेवढंच. मग पट्टी भिजवायला गेली."

पायल उठली. तिनं अवधूतच्या हातातून स्टँड घेतला, मशीनखाली जिथं होता तिथं ठेवला आणि त्यावर बुकरमचा रोल परत आडवा टाकला. तो घरंगळला नाही. नीट बसला.

"खोक्याचं काय करायचं, दादा?" तिनं विचारलं.

अवधूत आत गेला आणि परातीत पाणी घेऊन आला. खाली सांडलेल्या पट्ट्यांतून त्यानं एक लांब पट्टी निवडली आणि पाण्यात बुडवली.

"एवढी बास होईल?"

"भिजू दे अजून. नखानं दाबून बघ. वळली पायजे."

पट्टी वळायला लागल्यावर अवधूतनं फेव्हिकॉल लावला. जहाजावर मोठमोठे नट आवळणारा माणूस, त्याचा हात जड पडला. खालून सोमलिंगनं तेवढाच जोर दिला. बोट हलली नाही.

"आवळू नको. नुसती टेकव."

अवधूतनं जोर कमी केला. सोमलिंगनंही केला. पायलनं टाचण्यांची डबी उघडून पुढं धरली. पहिली टाचणी वाकली, दुसरी बसली. पट्टीचं टोक अजून उचलत होतं, ते अवधूतनं दोन बोटांनी दाबून धरलं.

"दुसरीकडची कधी लावायची?"

"ही धरली की लगेच. एक हिकडं, एक तिकडं."

तेवढ्यात मशीनवर ठेवलेला अवधूतचा फोन वाजला. पुण्याच्या माणसाचं नाव होतं.

"उचल की," सोमलिंग म्हणाला. "मी धरलीय."

अवधूतनं फोनकडे बघितलं. बोटं काढली नाहीत. फोन बराच वेळ वाजला आणि थांबला.