काळ्या टेकडीवरचं बारसं

चारुशीलाबाईंनी वर्गात सांगितलं ते खोटं नव्हतं. आदिलाबाद शहराच्या हद्दीत नुकतीच आलेली काळी टेकडी म्हणजे एका विझलेल्या ज्वालामुखीचा गळा. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथून तापलेला रस वर आला आणि जागीच थिजून दगड झाला. भूगोलाच्या तासाला बाई हे दरवर्षी सांगत आणि पोरं दरवर्षी विसरत.

यंदा मात्र डिसेंबरात थंडी अशी पडली की बादलीत हात घालवेना. एका सकाळी टेकडीच्या माथ्यावरच्या भेगेतून पांढरा धूर निघताना दिसला. बाईंच्याच एका विद्यार्थिनीनं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, "आपला ज्वालामुखी जागा झाला. आमच्या बाईंनी सांगितलंच होतं." दुपारपर्यंत तो गावभर फिरला.

संध्याकाळी समोरच्या घरचे मारोतराव टेम्पोत गाद्या चढवताना दिसले. बाई फाटकाशी गेल्या.

"मारोतराव, विझलेला म्हणजे विझलेला. कुठं निघालात?"

"बेल्याले, सासुरवाडीले. विझला म्हनता, मंग धूर कायचा?"

बाईंनी टेकडीकडे पाहिलं. धूर त्यांनी अजून जवळून पाहिला नव्हता. न पाहता बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"उद्या सकाळी बघून सांगते."

"पाहा तुमी. आमी तिकडून आयकतो," मारोतराव म्हणाले आणि दोरी आवळू लागले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाई शाळेतली तापमापी घेऊन टेकडी चढल्या. सोबत नवरा, रविकांतराव, हातात काठी घेऊन. भेग चांगली माणूसभर लांब होती आणि खरंच वाफाळत होती. बाई क्षणभर थबकल्या.  मग त्यांनी बाही सारली आणि हात आत घातला. ओली, कोमट हवा. वास वटवाघळांचा, गंधकाचा नावालाही नाही. चष्म्यावर वाफ धरली. तापमापी बाहेर सहा दाखवत होती, आत बावीस. ऊन वर आलं तसा धूर विरत गेला आणि शेवटी दिसेनासा झाला.

"टेकडीच्या पोटातली ऊब आहे," बाई हसल्या. "बाहेर गारठा, म्हणून दिसते."

त्यांनी हे सगळं नीट लिहून मोबाइलवर पाठवलं. कुणी वाचलं नाही. धुराचा व्हिडिओ मात्र फिरतच राहिला. भाजीवाल्यानं टेकडीखालची बाईंची कॉलनी टाळली. आणि रविवारच्या बारशाचा स्वयंपाकी म्हणाला, "बाई, तुमच्या घरी नको. दुसरी जागा पाहा."

बारसं होतं बाईंच्या नातीचं. लेक नीलिमा बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी सव्वा महिन्याची झाली होती. बाईंनी फोन ठेवला, थोडा वेळ खिडकीतून टेकडीकडे बघत राहिल्या आणि लेकीजवळ जाऊन बसल्या.

"दुसरीच जागा घेऊ या. वर, भेगेपाशी."

नीलिमानं बाळाचं टोपरं सारखं केलं. 

"आई, तू स्वतः हात घातलास?"

"कोपरापर्यंत."

"मग चालेल. पाळणा वर कोण नेणार?"

राहिले बेल्याचे व्याही, उद्धवराव. त्यांना बाईंनी स्वतःच फोन लावला.

"लेकराले तिथं काऊन न्याचं?" त्यांनी थेट विचारलं.

"भाऊसाहेब, थंडीत सकाळी तुमच्या विहिरीतून वाफ निघते ना?"

"निंगते ना. रोजच पाहून राह्यलो."

"ही तशीच."

 मग उद्धवराव म्हणाले, "पाळना आमीच आनतो. पन चढाव कसा हाय? सोजरचे गुडघे दुखतेत."

रविवारी धूर दिसत असतानाच मंडळी वर पोचली. विहीण सोजरबाईंना त्यांच्या मुलानं, म्हणजे बाईंच्या जावयानं, वैभवनं, हाताला धरून आणलं. दम टाकत त्या भेगेपाशी टेकल्या, गारठलेले दोन्ही हात वाफेवर धरले आणि डोळे मिटून म्हणाल्या, "चुलीपाशी बसल्यासारखं वाटते बाई." खाली रस्त्यावर उभी राहून बघणारी कॉलनीतली माणसं हे बघून एकेक करत चढू लागली. मुलं आधी आली, मग त्यांना परत न्यायला आलेल्या आया, आणि त्याही तिथंच हात शेकत बसल्या.

बाळाच्या आत्यानं, रुख्मिणीनं, उन्हात टांगलेल्या पाळण्यावर वाकून कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, स्वरा. घुगऱ्या वाटल्या गेल्या. व्हिडिओ काढणारी मुलगी बाईंच्या मागं मागं घुटमळत होती. बाईंनी तिच्या हातात तापमापी दिली आणि म्हणाल्या, "आता हे दाखव सगळ्यांना."

मारोतराव मोटारसायकलवरून आले ते ऊन वर आल्यावर. धूर विरला होता. त्यांनी भेगेत हात घातला, जरा वेळ तसाच ठेवला.

"हा परत कधी पेटनार नाई?"

"हा नाही, मारोतराव."

त्यांनी घुगऱ्यांची वाटी घेतली, बाजूला जाऊन बायकोला फोन लावला. "उद्या सामान घेऊन ये," ते सांगत होते. "आन् येताना शाल आन. इथं वर लय थंडी हाय."