आपली वेळ भरली आहे, कृपया उठा

या, बसा. मीच बोलतोय, शाळेच्या संगणकखोलीतला कोपऱ्यातला जुना संगणक. घाबरू नका, पासवर्ड मागत नाही.

माझा जन्म कारखान्यातला, पण संस्कार कापडदुकानातले. गल्ल्याशेजारी बसून मी कितीतरी वर्षं गिऱ्हाईक पाहिलं. कोण खरंच घेणार आणि कोण नुसते तागे उलगडायला लावणार, हे मला मालकांच्या आधी कळायचं. पुढे त्यांच्या सुनेनं नवा संगणक आणला आणि मालकांनी मला शाळेला भेट दिलं. अडगळही गेली, वर सत्कारही झाला. पक्के व्यापारी!

शाळेत मुलं उदंड, संगणक मोजके. जो धावत आधी येई, तो घंटेपर्यंत खुर्चीला चिकटे. बाकीचे त्याच्या मानेवर उसासे सोडत उभे. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, हुकूम काढला: प्रत्येकाला दिवसाला वीस मिनिटं, मग लॉगिन बंद. "कुणाला सवलत नाही. मलासुद्धा नाही!" संगणकाच्या सरांनी ते तंतोतंत मनावर घेतलं.

वेळ संपल्यावर पडद्यावर काय यावं, हेही सरांनीच ठरवलं. यंत्रात हुशार माणूस, पण भाषेशी जरा फटकून. त्यांनी लिहिलं, 'आपली वेळ भरली आहे. कृपया उठा.' पहिल्या दिवशी एक पोरगा ते वाचून "आई गं!" म्हणत खरंच ताडकन उठला.

नियम चांगलाच होता. पण तुटवडा म्हटला की बाजार आलाच. आठवड्याभरात मुलं मिनिटांची देवाणघेवाण करायला लागली. ज्याला आज काम नाही, तो आपला पासवर्ड दुसऱ्याच्या कानात सांगे. मध्ये उभा एक गोलमटोल मुलगा दोन्हीकडून दलाली खायचा, म्हणून त्याचं नाव पडलं अडत्या. "वीस मिनिटं आहेत, ताजी आहेत, बोला!" दलाली काय, तर डब्यातला घास, नाहीतर खिडकीजवळची जागा. दुकानाची आठवण येऊन माझा ऊर भरून यायचा.

माझ्याकडे मात्र कुणी फिरकत नसे. लॉगिन केल्यावर मी जांभया देत जागा होईपर्यंत निम्मी मिनिटं गळायची. धक्काबुक्कीत मागे पडणारी एक बारकी मुलगी तेवढी माझ्या वाट्याला आली. आंतरशालेय स्पर्धेसाठी ती एका मुंगीचं कार्टून करत होती, त्यामुळे तीही 'मुंगी'च झाली. घरी संगणक नाही. जे काय करायचं ते माझ्याच उरावर.

"काका, उठा ना लवकर," ती पुटपुटायची. काका! दुकानात मला 'ए डबड्या'पलीकडे कुणी हाक मारली नव्हती.

स्पर्धेचा शेवटचा दिवस उजाडला. नेमके त्याच दिवशी शाळेत पाहुणे यायचे होते आणि मोठ्या बाईंचा संगणक बिघडला. बाई माझ्यासमोर बसल्या आणि एका बोटानं स्वागताचं भाषण टाइप करू लागल्या. 'सुस्वागतम्'पर्यंत पोचल्या असतील नसतील, तोच पडद्यावर आलं: 'आपली वेळ भरली आहे. कृपया उठा.'

बाई सरांकडे वळल्या.

"हे काय आहे, सर?"

"ते... ते सगळ्यांनाच येतं, बाई."

"सगळ्यांनाच येतं, ते माहीत आहे मला! चालू करा परत."

"उद्याच उघडेल. सवलत ठेवूच नका, असं तुम्हीच..."

बाईंची नजर मुंगीवर पडली. "बाळ, तुझी वेळ आहे ना शिल्लक? जरा दे."

मुंगीच्या डोळ्यांत पाणी. "देते, बाई. पण आज शेवटचा दिवस आहे, आणि माझी मुंगी अजून घरी पोचली नाही."

"कुठली मुंगी?"

तिनं लॉगिन केलं. बाईंच्या धाकानं मी जागाच होतो. साखरेचा दाणा डोक्यावर घेऊन मुंगी भिंत चढू लागली. दाणा निसटला, ती पुन्हा खाली. बाई भाषण विसरल्या. "अगं, डावीकडून ने तिला! डावीकडून!" मुंगी वारुळाच्या तोंडाशी आली आणि पुन्हा: 'आपली वेळ भरली आहे.'

"आता हो!" बाई मागे वळल्या. "अडत्या कोण रे तुमच्यात?"

अडत्याचा चेहरा पांढराफटक. बाईंना हे नाव कसं ठाऊक?

"मिनिटं आहेत?"

"माझी स्वतःची आहेत, बाई."

"दलाली काय?"

"तुमच्याकडून कशी घेऊ? भाषणाला तेवढं शेवटच्या रांगेत बसू द्या."

"बस!"

मुलांची कामं सामाईक कप्प्यात असायची, म्हणून अडत्याच्या नावानंही मुंगी सापडली. ती वारुळात शिरली आणि घंटेच्या आत स्पर्धेला रवाना झाली. बाईंनी भाषण कागदाशिवाय केलं. फारच छोटं झालं. पाहुण्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. बक्षीस म्हणाल, तर ते दुसऱ्या शाळेच्या हत्तीला मिळालं.

वीस मिनिटं आजही आहेत, पण माझ्या जांभया आता मोजत नाहीत. संदेशही बदलला. तो मुंगीनं लिहिला: 'जरा मागे बघा, कुणीतरी उभं आहे.'

हल्ली माझा पंखा घरघरतो. एक दिवस माझीही वेळ भरेल. तेव्हा लगेच भंगारात देऊ नका. एकदा 'काका' म्हणून हाक मारून बघा. जांभया देत का होईना, उठेन.

आता तुम्ही उठा बघू. मागे कुणीतरी उभं आहे.