काठीपुढची गाडी

नवराबायकोचा संसार काठीवर चालतो म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात भलतंच येईल. पण घाटाच्या खालच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या मावशीचा आणि वरच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या तिच्या नवऱ्याचा संसार खरोखरच एका काठीवर चालला होता. दरड कोसळून अर्धा रस्ता दरीत गेला होता. उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी जेमतेम एक गाडी जाई. वरच्या गाड्या उतरत असताना खालच्यांनी थांबायचं आणि खालच्या चढत असताना वरच्यांनी. मध्ये डोंगर, त्यामुळे एका तोंडाचं दुसऱ्याला दिसत नव्हतं आणि फोन तर लागतच नव्हता.

म्हणून काठी होती. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, हातभर लांब, आणि एकच. वरून गाड्या सुटल्या की नवरा ती शेवटच्या गाडीवाल्याच्या हाती देई. ती खाली पोचली की रस्ता रिकामा झाला असं समजून मावशी आपल्याकडच्या गाड्या सोडी आणि तिच्या शेवटच्या गाडीतून काठी परत वर जाई. दिवसभर दोघांची गाठ पडत नसे, पण काठीची पडे. कधी नवरा काठीला चष्मा बांधून पाठवी, काच पुसून दे म्हणून. कधी मावशी त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण बांधून पाठवी, म्हणजे ‘घरी आल्यावर बोलू’.

मावशीची एक खोड होती. काठी घेऊन कुणीही आलं, की ती हातात घेण्याआधी मावशी विचारायची, "तुमच्यापुढे कोण होतं?" उत्तर मिळालं की त्या गाडीकडे मान वळवून बघायची आणि मगच काठी घ्यायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरातही सगळे आत आल्याची खात्री झाल्याखेरीज ती दाराला कडी घालत नसे. ड्रायव्हर लोक हसायचे. तिचे जावईबापू तर फारच. "आई, तुम्हाला पोलिसांत घ्यायला हवं होतं," असं ते दर खेपेला म्हणायचे आणि मावशी दर खेपेला म्हणायची, "घेतलं असतं तर पहिले तुम्हालाच आत टाकलं असतं."

त्या दुपारी मात्र जावईबापूंची व्हॅन रांगेच्या बाजूने, हॉर्न वाजवत थेट तिच्या पायाशी येऊन थांबली. मागच्या सीटवर लेक बसली होती आणि तिच्या मांडीवर नात. नातीचा हात टॉवेलमध्ये गुंडाळलेला, आणि टॉवेल लाल.

"खिडकीची काच फुटली, आई. मनगटाजवळ लागलंय. रक्त थांबतच नाहीये," लेक म्हणाली.

दवाखाना घाटाच्या वर. वरून गाड्या उतरत होत्या, काठी अजून आलेली नव्हती. मावशीने दार उघडून टॉवेल घट्ट आवळला आणि नातीचा हात उचलून डोक्याच्या वर धरला.

"असाच वर धर. दाबून. सोडू नकोस, कितीही रडली तरी," तिने लेकीला बजावलं. मग नातीच्या वेणीतली सुटलेली रिबीन पुन्हा बांधली, कारण तेवढंच तिच्या हातात होतं, आणि परत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

एक बस उतरली. एक पाण्याचा टँकर उतरला. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग मोटारसायकलवर एक फोटोग्राफर, पाठीवर कॅमेऱ्याची बॅग आणि हातात काठी.

"आली!" रांगेतल्या कुणीतरी आरोळी ठोकली. जावईबापूंनी व्हॅन सुरू केली. फोटोग्राफरने काठी पुढे केली.

"तुमच्यापुढे कोण होतं?" मावशीने विचारलं.

"आई, अहो आत्ता तरी!" जावईबापू ओरडले.

"ट्रक होता, पिठाच्या पोत्यांचा," फोटोग्राफर म्हणाला. "गोगलगाय नुसती. धूर सगळा माझ्या तोंडावर. मग जागा मिळाली तशी मी काढली पुढे."

मावशीने मान वळवली. बस होती. टँकर होता. पिठाचा ट्रक काही उतरला नव्हता.

नवऱ्याने काठी शेवटच्याच्या हाती दिली होती आणि शेवटचा शहाणा पुढे निघून आला होता. काठी आली, पण काठीच्या पुढचा ट्रक अजून रस्त्यावरच होता. फोटोग्राफरच्या हे डोक्यातही आलं नव्हतं.

"कुणी हलायचं नाही," मावशी म्हणाली आणि लाल झेंडा आडवा धरला.

मग जे व्हायचं ते झालं. काठी आली ना, मग अडवताय कशाला? ट्रक बंद पडला असेल, कडेने निघू. लहान पोर आहे गाडीत, काळीज आहे की दगड? एकजण तर म्हणाला, स्वतःचं नातवंड असतं तर कळलं असतं. मावशीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जावईबापू खाली उतरले. त्यांच्या शर्टावर रक्त होतं.

"आई, मी एकटा जातो. ट्रक दिसला तर थांबेन."

"वळणावर दिसेपर्यंत तो तुमच्या अंगावर असेल."

"आणि हिला काही झालं तर?"

मावशीला रडू फुटायच्या बेतात होतं. पण ती व्हॅनच्या समोरून हलली नाही.

आधी आवाज आला, पत्रा खडकावर घासल्याचा, लांबलचक. मग वळणावरून पिठाचा ट्रक निघाला. त्याची डोंगराकडची बाजू पार सोलवटली होती. बाजूने क्लीनर दोन्ही हातांत दगड घेऊन पळत होता. चाकाखाली टाकत होता, चाक त्यावरून जात होतं, तो पुन्हा उचलत होता. मावशीने झेंड्याने कडेचा खडीचा ढीग दाखवला. ट्रक त्यात शिरला, फुसफुसला आणि थांबला.

म्हातारा ड्रायव्हर उतरला आणि तिथेच खाली बसला.

"ब्रेक गेले मधल्या वळणावर," तो म्हणाला. "पहिल्या गिअरमध्ये, डोंगराला घासत आणला. उडी मारावीशी वाटत होती हो. पण मनाशी म्हटलं, समोरून कुणी येणार नाही. खाली मावशी आहे. मी पोचल्याशिवाय ती कुणाला सोडायची नाही."

फोटोग्राफर मोटारसायकलजवळ मान खाली घालून उभा होता. मावशीला त्याला चार शब्द सुनावायचे होते, पण वेळ नव्हता. तिने झेंडा बाजूला घेतला. काठी तिने जावईबापूंच्या हाती दिली. व्हॅन एकटी जाणार होती, रांग थांबणार होती, आणि हे कुणालाही सांगावं लागलं नाही.

जावईबापूंनी गिअर टाकला, पण गाडी सोडली नाही. "आई, माझ्यापुढे कोण आहे?" त्यांनी विचारलं. आवाजात थट्टा नव्हती.

"कुणी नाही," मावशी म्हणाली. "जा. सांभाळून."

व्हॅन वळणाआड गेली. म्हाताऱ्या ड्रायव्हरशेजारी मावशी खडीवर बसली. क्लीनरने आणलेलं पाणी दोघांनी एकाच बाटलीतून प्यायलं.

त्यानंतर काठी खाली आली, वर गेली, पुन्हा आली. तिला काही बांधलेलं नव्हतं. प्रत्येक वेळी मावशी आधी काठीकडे बघायची आणि मग आपला प्रश्न विचारायची.

ऊन उतरल्यावर एक टेम्पोवाला आला. त्याने दुरूनच हसत काठी खिडकीबाहेर धरली होती. तिला नातीची रिबीन बांधलेली होती.

"मावशी, वरच्या काकांनी निरोप दिलाय—"

"थांबा," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, समोरचं धड दिसत नव्हतं. "आधी सांगा, तुमच्यापुढे कोण होतं?"

"पांढरी जीप."

मावशीने पदराने डोळे पुसले, मान वळवली आणि पांढरी जीप नीट पाहून घेतली. मग हात पुढे केला.