धाकटीची पिल्लं

बशी कोरी होती. एक नव्हे, सगळ्याच. धाकटीने एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. जिथे जिवाणूंच्या पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी व्हायला हवी होती, तिथे काही म्हणजे काही नव्हतं.

वयाची चाळिशी केव्हाच उलटली तरी घरच्यांना ती धाकटीच होती. प्रयोगशाळेत तिला मॅडम म्हणत, आणि मॅडम म्हणून बशा धुवायला लावत. इतकी वर्षं तिने दुसऱ्यांचे जिवाणू वाढवले. हे काम मात्र तिचं स्वतःचं होतं. दाणे काढून घेतले की मक्याची रिकामी कणसं लोक जाळून टाकतात. धाकटी ती कणसं दळायची, शिजवायची, गाळायची आणि त्यांची भुकटी करून कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात मिसळायची. भुकटी म्हणजे औषध नव्हे. पिल्लाच्या पोटात जे भले जिवाणू असतात, त्यांचं ते खाणं. ते खाऊनपिऊन वाढले की रोग करणाऱ्यांना जागा उरत नाही, आणि मग पिल्लांना ऊठसूट अँटिबायोटिक पाजावं लागत नाही. निदान तिचं म्हणणं तरी तसं होतं.

साहेबांनी "करा, हौस भागवून घ्या" म्हणत परवानगी दिली होती. जागा दिली थोरल्या भावाने. त्याच्या एका शेडमध्ये नेहमीचं खाद्य आणि नेहमीचं औषध, दुसऱ्या शेडमध्ये भुकटी आणि औषधाचा थेंबही नाही. भुकटीच्या शेडमध्ये एकही पिल्लू दगावलं नाही. वजनं अशी भरली की साहेब कधी नव्हे ते उठून तिच्या टेबलापाशी आले.

आणि आता त्याच पिल्लांच्या विष्ठेत भले जिवाणू औषधालाही सापडत नव्हते. असं कशाने होतं हे तिला लगेच कळलं. तरी ती बराच वेळ स्टुलावर बसून राहिली, कारण उठलं की भावाकडे जावं लागणार होतं.

दादा शेडच्या दारात नळीने पाण्याची भांडी धूत होता.

"यात काय घालत होतास?" तिने विचारलं.

"कशात?"

"दादा, वेड पांघरू नकोस."

त्याने नळ बंद केला, हात पँटला पुसले. "मधे पातळ हगायला लागली होती गं. दोन-चार तर मान टाकून बसली. मला बघवेना. थोडंसं औषध घातलं."

"एकदा?"

"तेव्हापासून रोज."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

"सांगितलं असतं तर घालू दिलं असतंस?" दादा खरोखरच न कळल्यासारखा तिच्याकडे पाहत होता. "तुझं हसं झालं असतं. आता सगळी जगली, तुझी भुकटी पास झाली."

"भुकटी नाही पास झाली. औषध पास झालं, आणि ते आधीपासूनच पास आहे. मी ज्यांच्यासाठी ताट वाढत होते, त्यांनाच तू रोज मारत होतास."

आवाज ऐकून वहिनी बाहेर आली. "अगं, त्यांनी तुझ्यासाठीच केलं ना? तुझं काही अडलं की हे आधी धावतात. तुझ्या नोकरीच्या वेळेला नाही का, साहेबांच्या घरी चार खेपा..." दादाने तिच्याकडे पाहिलं आणि वहिनीने जीभ चावली.

धाकटीच्या अंगाची लाही लाही झाली. मुलाखत फार चांगली झाली होती, असं ती आजवर सगळ्यांना सांगत आली होती.

"वा," ती म्हणाली. "आणि शाळेच्या शर्यतीत मी पहिली आले, तेव्हा बाकीच्यांना हळू पळायला सांगितलं होतंस वाटतं?"

तोंडाला आलं म्हणून ती बोलून गेली होती. दादा मात्र हातातल्या नळीकडे बघत राहिला. बघतच राहिला. तिला त्या नळीनेच त्याला झोडपून काढावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "वजनं खरी आहेत ना?"

"वजनं खरी आहेत."

"मग बशांचं कोण विचारतंय? नमुने उन्हात राहिले म्हणून लिहा."

"नमुने उन्हात नव्हते. पाण्यात औषध होतं."

"मॅडम, उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका. तुमच्या भावाने तुमचं भलंच केलंय."

"पुरे झालं माझं भलं," धाकटी म्हणाली, आणि इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. "हा प्रयोग रद्द. मी पुन्हा करणार."

"रजा टाकून करा मग. संस्थेकडून काही मिळायचं नाही."

तिने रजा टाकली. नवी पिल्लं आणली, भावाच्या त्याच शेडला स्वतःचं कुलूप लावलं, औषधाचे डबे उचलून अंगणात आपटले आणि जाळीच्या आत खाट टाकली.

दुसऱ्या आठवड्यात पिल्लांची पोटं बिघडली. तिने पिल्लांखालचं तूस बदललं, पाणी उकळून गार करून ठेवलं, थंडीने कुडकुडणाऱ्यांना बल्बखाली सरकवलं. भुकटी चालू ठेवली. तिच्यानेही बघवत नव्हतं. राग कुणाचा करावा हेही आता धड कळेना, म्हणून ती सगळ्यांवरच चिडत होती, पिल्लांवरसुद्धा.

"एकच डोस," दादा जाळीपलीकडून म्हणाला. "कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल."

"इतकी दुष्ट कधीपासून झालीस गं?"

"आता झाले. माझी मी झाले. यात तुझा हात नाही."

सकाळी खाद्याच्या भांड्याशी पिल्लांची झुंबड उडाली. पुष्कळांची विष्ठा घट्ट झाली होती. एक मात्र कोपऱ्यात आडवं पडलं होतं, पाय ताणलेले, अंग गार. धाकटीने ते ओंजळीत घेतलं आणि कुलूप काढून बाहेर आली.

दादा बाहेरच होता. त्याने सवयीने हात पुढे केले. "दे इकडे. मी पुरतो. तू नको."

"राहू दे," ती म्हणाली. "माझं आहे ते."

ती शेडमागे गेली, फावड्याने खड्डा केला, पिल्लू आत ठेवून वर माती ओढली. मग हात धुऊन पुन्हा आत शिरली आणि उरलेल्यांना भुकटी घातलेलं खाद्य टाकू लागली. दादा जाळीबाहेर रिकाम्या हातांनी उभा होता.