सुखन्यावरचा टर्नस्टोन

बदलीच्या सामानाचा ट्रक जेवणानंतर निघणार, आणि त्याच सकाळी रागिणीला सुखना तलावावर टर्नस्टोन दिसला. नशिबाला वेळेचं भान कधी असतं?

टर्नस्टोन म्हणजे समुद्रकाठचा पक्षी, चोचीनं दगड उलथून खालचे किडे टिपणारा. गुहागरच्या किनाऱ्यावर तिनं तो लहानपणापासून पाहिलेला. चंदीगडात त्याचं काय काम? पण आटलेल्या तलावाच्या काठी तो निवांत होता. चैन पडत नव्हतं ते हिला. कॅमेरा ट्रकच्या तळाशी, दोरखंडानं आवळलेल्या काळ्या पेटीत.

तिनं प्रसन्नला फोन लावला. मोहालीत नोकरी करणारा हा मुलगा इथल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवायचा.

"फोटो काढलात, ताई?"

"कॅमेरा पेटीत गेला रे."

"मग दुसऱ्या कुणी पाहिलाय? नाहीतर 'दिसल्याचे सांगतात' एवढंच लिहिता येईल."

ते 'सांगतात' तिला झोंबलं. भरकटलेल्या किनारपक्ष्यांच्या जुन्या नोंदी तिनं हौसेनं वाचल्या होत्या. तेव्हाचे इंग्रज साहेबलोक पक्षी दिसला की गोळी घालत. मेलेल्या पक्ष्यावर सगळ्यांचा विश्वास. नुसतं पाहणाऱ्याच्या वाट्याला 'सांगतात'. तीन वर्षं चंडीमंदिर छावणीतल्या क्वार्टरमध्ये काढून तिच्यामागे इथे उरणार काय होतं? पडद्यांचे खिळे.

घरी तिचा नवरा, कर्नल हर्षवर्धन, ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होता.

"अहो, गाडीत बसा."

"रागिणी, ट्रक उभा आहे."

"ट्रक उभा राहतो. पक्षी राहत नाही."

वाटभर ती त्या 'सांगतात'वरच बोलत राहिली. तलावावर पोचली तर मघाची जागा रिकामी. ती बांधावरून जवळजवळ धावतच सुटली, कर्नल मागोमाग. पार टोकाला तो सापडला. तिनं दुर्बीण नवऱ्याच्या गळ्यात घातली.

"काय दिसतंय ते सांगा. मी शिकवणार नाही."

"नारिंगी पाय. तोंडावर काळे-पांढरे पट्टे, रंग फासलेल्या कमांडोसारखे." त्यानं दुर्बिणीचं चाक फिरवलं. "दगड उलथतोय. एक झाला की दुसरा. सकाळी तू रिकामी कपाटं पुन्हा पुन्हा उघडत होतीस ना, तसा."

फोन त्यानंच लावला.

"प्रसन्न, कर्नल हर्षवर्धन बोलतोय. दोघांनी पाहिला, लिहून घ्या."

"सर, याआधी कधी पाहिला होता?"

"नाही."

"मग ओळखलात कसा?"

"ओळखला हिनं. मी साक्षीदार. आधी हिचं नाव लिहा. आणि ते 'सांगतात' नको."

फोन ठेवतो न ठेवतो तोच ट्रकवाल्याचा आला. कर्नलनं तो वाजू दिला. रागिणीनं दुर्बिणीसाठी हात पुढे केला.

"थांब गं," तो म्हणाला, "त्या मोठ्या दगडाखाली काय निघतं बघू दे."